परदेशवारी आणि दाताचं इम्प्लांट

(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून)



सेक्रेटरीसाहेबांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, दातांवर बोलतो. ते म्हणाले, "आम्हाला वाटलं तुम्ही ठेवींच्या व्याजावर बोलणार." तर आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. आयुष्य बँकेत गेलं. त्यामुळे कुठलंही प्रकरण समोर आलं की मुदत किती, खर्च कोण करणार आणि कागद कुठे आहेत, हे तीन प्रश्न आपोआप तोंडात येतात. इम्प्लांटच्या बाबतीत माणसं फक्त "दुखतं का हो?" एवढंच विचारतात.

हा विषय आपल्या घरोघरचा आहे. पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा आपली मुलं शाळेत जात होती. आज कुणाचा मुलगा न्यू जर्सीला, कुणाची मुलगी म्युनिकला, कुणाची सून-नातवंडं मेलबर्नला. आपण सहा-सहा महिने तिकडे जातो, ती दोन-तीन आठवड्यांसाठी इकडे येतात. आणि दोन्हीकडच्या प्रवासात दात मधे येतो.

इम्प्लांट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. त्यावर एक जोडभाग बसतो, त्याला अबटमेंट म्हणतात, आणि त्यावर कॅप. हाड टायटॅनियमला परकं मानत नाही, त्याला घट्ट धरून वाढतं. हा शोध स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकाचा. १९५२ मध्ये ते सशाच्या हाडातला रक्तप्रवाह तपासत होते. प्रयोगासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी नंतर काढायला गेले, तर ती हाडातून निघेचना. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या गृहस्थांना पहिली इम्प्लांट्स बसवली. लार्सन २००६ मध्ये वारले, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ती इम्प्लांट्स त्यांना साथ देत होती. टिकाऊपणाची शंका यातून फिटावी.

आता पहिला प्रश्न, मुदत. आपली इमारत उठताना आपण रोज बघायला यायचो, आठवतं ना? कॉलम भरला की लगेच वरचा स्लॅब टाकत नाहीत. पाणी मारून काँक्रीट पिकू देतात. हाडाचंही तसंच. स्क्रू बसवल्यावर हाड त्याला धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. वरच्या जबड्याचं हाड जरा पोकळ, तिथे जास्त. आधी दात काढायचा असेल तर ती जखम भरण्याचा वेळ वेगळा. हाड झिजलेलं असेल तर कृत्रिम हाड भरावं लागतं, त्याचे आणखी काही महिने. म्हणजे सरळ प्रकरण चार-सहा महिन्यांचं आणि अवघड प्रकरण वर्षभराचं.

हा हिशोब डिसेंबरात तीन आठवड्यांच्या रजेवर येणाऱ्या मुलाला आधी सांगा. "आई, अपॉइंटमेंट घेऊन ठेव, या खेपेला दात बसवूनच जातो," असा त्याचा फोन येतो. एका खेपेत सहसा होत नाही, दोन खेपांत होतं. पहिल्या खेपेला स्कॅन आणि स्क्रू, पुढच्या वर्षीच्या खेपेला कॅप. दुसऱ्या खेपेलाही माप घेणं, कॅप करून येणं, बसवून पाहणं यासाठी आठ-दहा दिवस हाताशी हवेत. परत जाण्याच्या आदल्या दिवशी कॅप बसवून घेऊ नये, कारण चावताना उंच लागते की नाही हे दोन दिवस जेवल्याशिवाय कळत नाही. "त्याच दिवशी दात" अशा जाहिराती असतात. तसं करता येतं, पण हाड उत्तम असेल अशा निवडक माणसांत, आणि तो दात बहुधा तात्पुरता असतो. पक्की कॅप पुढे काही महिन्यांनीच. वरच्या दाढेसाठी सायनसजवळ हाड भरलं असेल तर डॉक्टर काही दिवस विमानप्रवास आणि जोरात नाक शिंकरणं टाळायला सांगतात. म्हणून परतीचं तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

दुसरा प्रश्न, खर्च. अमेरिकेत एका इम्प्लांटला कॅपसकट साधारण तीन ते सहा हजार डॉलर पडतात. आपल्याकडे त्याच्या कितीतरी कमी पैशांत होतं, म्हणून मुलं इकडे करून घेतात. यात काही वावगं नाही. ऑस्ट्रियातले लोक याच कारणासाठी हंगेरीत जातात, आणि मेक्सिकोच्या सरहद्दीवर लोस आल्गोदोनेस नावाचं गाव तर अमेरिकन पेशंटांच्या दातांवरच चालतं. कमी पैशांतलं काम वाईटच असतं असं नाही. फक्त नंतर काही बिघडलं तर बघणार कोण, याचा विचार दर ठरवताना करावा. अंदाजपत्रक लेखी घ्या. स्कॅन, दात काढणं, हाड भरणं, स्क्रू, अबटमेंट, तात्पुरता दात, पक्की कॅप, प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून मागा. जाहिरातीतला दर पुष्कळदा नुसत्या स्क्रूचा असतो. पैसेही गृहकर्जासारखे टप्प्याटप्प्याने द्यावेत, जेवढं काम तेवढा हप्ता.

आपण तिकडे जातो तेव्हाची गोष्ट निराळी. प्रवासी विम्यात दात म्हणजे अचानक उठलेली कळ किंवा अपघात, आणि तेही ठरावीक रकमेपर्यंतच. इम्प्लांट त्यात बसत नाही. आधीपासून किडलेली दाढ बहुधा जुना आजार म्हणून बाजूला काढतात. "मुलगा तिथला नागरिक आहे, त्याच्या विम्यात होईल," हाही भ्रम ठेवू नका. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी मेडिकेअर योजनेतसुद्धा मूळ योजनेत दातांची नेहमीची कामं येत नाहीत. ब्रिटनमध्ये इम्प्लांट सहसा खासगीतच करावं लागतं, सरकारी खर्चाने फक्त तोंडाच्या कॅन्सरसारख्या खास कारणांसाठी. जर्मनीत मात्र एक गंमत आहे. तिथे दरवर्षी दात तपासल्याची नोंद ठेवायला आपल्या पासबुकासारखी वही असते. साध्या, ठरलेल्या उपचाराच्या खर्चाच्या ६० टक्के रक्कम विमा देतो. सलग पाच वर्षांच्या नोंदी असतील तर ७० आणि दहा वर्षांच्या असतील तर ७५. इम्प्लांटचा वरचा खर्च आपला. म्युनिकवाल्यांनी मुलांना विचारावं, वही भरता आहात ना?

म्हणून माझं सांगणं, व्हिसाच्या तयारीबरोबर दातांची तयारी करा. जाण्याच्या दोन-तीन महिने आधी तपासणी आणि एक्स-रे. हलणारी कॅप, अर्धवट रूट कॅनल, खुपणारी कवळी, सगळं इथे निस्तरून मग विमानात बसा. तिकडे गेल्यावर दाढ उठलीच तर विद्यापीठांच्या डेंटल कॉलेजात चौकशी करा. अमेरिकेत अशा कॉलेजांत खासगीपेक्षा कमी पैशांत काम होतं, वेळ जास्त लागतो. दुखणं थांबवण्यापुरतं तिथे करून घ्यावं, बाकीचं परत आल्यावर.

तिसरा प्रश्न कागदांचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. माझ्या थोरल्या मेव्हण्यांनी इथे खालच्या दाढेचं इम्प्लांट करून घेतलं होतं. सहा वर्षं छान चाललं. मुलीकडे न्यू जर्सीला गेले आणि तिथे कॅप हलायला लागली. आतला बारीक स्क्रू सैल होतो कधीकधी. तो आवळणं काही मिनिटांचं काम, पण प्रत्येक कंपनीचा स्क्रूड्रायव्हर वेगळा. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "इम्प्लांट कुठल्या कंपनीचं?" मेव्हणे म्हणाले, "टायटॅनियमचं." इथे फोन लावला तर क्लिनिक बंद होऊन दोन वर्षं झालेली. मग एक्स-रेवरून आकार ओळखण्याचा खटाटोप, तीन खेपा, पाच आठवडे. तोवर रोज मऊ भात. नातीच्या वाढदिवसाला सगळे जेवत होते आणि हे सूप पीत बसले होते. सगळं एका चिकटपट्टीवरून अडलं.

प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर एक स्टिकर असतो. त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, जाडी-लांबी आणि लॉट नंबर असतो. स्ट्रॉमान, नोबेल बायोकेअर, ऑस्टेम, कुठलंही असो, तो स्टिकर मागून घ्या. अबटमेंटचाही घ्या. कॅप स्क्रूने बसवली आहे की सिमेंटने, ते लिहून घ्या. स्कॅनची फाइल, शेवटचा एक्स-रे आणि डॉक्टरांच्या सहीचं पत्र सोबत ठेवा. मूळ कागद सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटशेजारी, फोटो मोबाइलमध्ये आणि एक प्रत मुलांच्या ईमेलवर. मुलांनी इथे काम करून घेतलं असेल तर त्यांनाही हे सगळं घेतल्याशिवाय विमानतळाकडे सोडू नका.

आपल्या वयाला धरून दोन शब्द. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून औषध किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल, तर ते न विचारता सांगा. त्या औषधांत जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो, आणि आपल्यातल्या पुष्कळ भगिनी ती घेतात. तंबाखू, मिश्री, सिगारेट असेल तर इम्प्लांट सैल पडण्याची शक्यता वाढते. आणि इम्प्लांट केलंच पाहिजे असंही नाही. चांगली बसणारी कवळी किंवा ब्रिज पुष्कळांना पुरतो. मुंबईत सरकारी डेंटल कॉलेज आणि नायरचं डेंटल कॉलेज आहे, तिथे दुसरं मत घ्यायला काय हरकत आहे?

मंडळी, म्हातारपणी परदेशात आपल्याला भाषा अडते, गाडी चालवता येत नाही, थंडी सोसत नाही. निदान जेवण तरी अडू नये. सुनेने हौसेने केलेली चकली "नको गं, दात नाहीत" म्हणून बाजूला सारायची वेळ कुणावर येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तर लक्षात ठेवा, मुदत, खर्च आणि कागद. माझ्या घरी एका पानावर ही यादी छापून ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी घेऊन जावी, चहाही मिळेल.

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.