फवारणीचं विष आणि अडलेलं विकर

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या हंगामात फवारलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस अशी ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकंही होती. हे विष शरीरात शिरून नेमकं काय करतं?

आपल्या मज्जातंतूंचा निरोप स्नायूपर्यंत नेतं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन. निरोप पोचला की ते तिथून लगेच हटवावं लागतं. ते तोडून टाकणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्याकडे आहे: ॲसिटिलकोलिनएस्टरेज. त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो रेणू तोडतो. फार थोडी विकरं इतकी वेगवान असतात.

पण वेगालाही मर्यादा असते. मायकेलिस आणि मेंटेन या शास्त्रज्ञांनी 1913 मध्ये ती गणितात मांडली. टोलनाक्यासारखंच आहे हे. गाड्या कमी असतील तोवर जितक्या येतील तितक्या सुटतात. रांग लागली, की खिडक्या जेवढ्या, तेवढाच वेग. आणि एखादा ट्रक खिडकीसमोरच बंद पडला, तर ती रांग जागीच थांबते.

ऑर्गनोफॉस्फेट हेच करतं. विकराच्या ज्या जागी ॲसिटिलकोलीन तुटतं, तिथेच ते घट्ट चिकटतं. कार्बामेट गटातली औषधंही ती जागा अडवतात, पण काही तासांत आपोआप सुटतात. ऑर्गनोफॉस्फेटची पकड मात्र वेळ जाईल तशी कायमची होते. मग शरीराला नवं विकर तयार करावं लागतं आणि त्याला कित्येक आठवडे लागू शकतात.

तोवर ॲसिटिलकोलीन साचत जातं. घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, उलट्या होतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात. शेवटी श्वास अडतो, आणि मृत्यू येतो तो बहुधा त्यामुळेच. डॉक्टर ॲट्रोपीन देतात. ते साचलेल्या ॲसिटिलकोलीनचा परिणाम रोखतं, पण विकर मोकळं करत नाही. ते काम प्रॅलिडॉक्झिमचं, आणि तेही पकड कायमची होण्याआधी दिलं तरच. म्हणून इथे तासातासाला किंमत आहे.

शेतकरी बंधूभगिनींनो, हे विष पोटात जावंच लागतं असं नाही. ते कातडीतून आणि श्वासातूनही शिरतं. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नका. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. फवारणी चालू असताना तंबाखू, विडी किंवा जेवणाला हात लावू नका. अंगावर औषध सांडलं तर कपडे लगेच काढून साबणाने स्वच्छ आंघोळ करा. मळमळ, चक्कर किंवा अंधारी आली, तर घरी पडून राहू नका. 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. मजुराकडून फवारणी करून घेत असाल, तर हे सारं साहित्य त्याला देणं ही तुमची जबाबदारी आहे.