भैरवीचा बिलावल झाला

आमच्या अब्बांची एक वही होती. दिवसभर दुकान आणि रात्री पेटी, हा येवल्यातल्या आमच्या घरातला त्यांचा शेवटपर्यंतचा क्रम. वहीत ३८ बंदिशी आणि चाली त्यांनी स्वरलिपीत उतरवल्या होत्या.

२००७ साली मी ती वही संगणकावर टाइप केली. त्या वेळी मराठी टाइप करायचं म्हणजे एखादा फॉन्ट घ्यायचा आणि त्याचा कळफलक शिकायचा. कोमल स्वराखाली आडवी रेघ लागते, ती मी वर्डमधल्या अंडरलाइननं दिली. मंद्र सप्तकाचं टिंब स्वराच्या खाली, तार सप्तकाचं वर, तीव्र मध्यमावर उभी रेघ. ही चिन्हं त्या फॉन्टच्या कानाकोपऱ्यांतून शोधून काढली. पुढे वहीला वाळवी लागली. मला फार वाईट वाटलं नाही. संगणकात सगळं आहे, असं मी आपाला सांगितलंसुद्धा.

गेल्या वर्षी मुलीनं लॅपटॉप आणून दिला. पेन ड्राइव्हवरून फायली त्यात घेतल्या आणि उघडल्या, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. कारण साधं होतं. जुन्या मराठी फॉन्टमध्ये आत इंग्रजीचेच सांकेतिक आकडे असत, वर मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं असे. दुसऱ्या संगणकात तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. फॉन्टची फाइल सोबत नेली असती तर काम भागलं असतं. ते सुचलं नाही. डीटीपीवाल्या मुलाकडे गेलो. त्यानं अर्ध्या तासात सगळं युनिकोडमध्ये बदलून दिलं. ‘काका, त्याच नावानं सेव्ह करू का?’ त्यानं विचारलं. मी कवी माणूस. ‘कर बाबा,’ म्हणालो. शब्द नीट दिसत होते, तेवढ्यावर खूश होऊन जुना संगणक भंगारवाल्याला देऊन टाकला.

आठवड्यानंतर पेटी काढली आणि पडद्यावर बघून भैरवी वाजवायला घेतली. ती भैरवी नव्हतीच. बदलताना अक्षरं तेवढी आली होती. रेघा आणि टिंबं गळाली होती. भैरवीत रिषभ, गंधार, धैवत, निषाद चारही कोमल. त्यांच्या रेघा गेल्या की उरतो बिलावल. यमनातल्या मध्यमाची उभी रेघ गेली की तोही बिलावल! अब्बांच्या निम्म्या वहीचा एका दुपारी बिलावल झाला होता.

ही चिन्हं किती कष्टानं आली आहेत! बडोद्याला १८८६ साली सयाजीरावांच्या आश्रयानं गायनशाळा काढणारे मौलाबक्ष यांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत केली होती. विष्णु दिगंबर पलुस्करांची चिन्हं आणखी वेगळी. पं. भातखंडे (१८६०-१९३६) यांनी गावोगाव हिंडून उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या आणि थोडक्या, सोप्या खुणांत ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. घराण्याबाहेर चीज द्यायला नाखूश असलेले उस्तादही होतेच. अब्बा भातखंड्यांचीच पद्धत वापरत.

पाच रेघांवर पाश्चात्त्य पद्धतीनं स्वर मांडणाऱ्या मंडळींनाही हा ताप चुकलेला नाही. ‘फिनाले’ हे १९८८ पासूनचं नावाजलेलं सॉफ्टवेअर. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचा विकास थांबवल्याचं जाहीर झालं. वर्षभरानंतर ते नव्या संगणकावर बसवता येणार नाही, असंही आधी सांगितलं होतं. ओरड झाल्यावर तो निर्णय मागे घेतला. त्यांच्याकडे निदान ‘म्युझिक एक्सएमएल’ आहे. एका सॉफ्टवेअरमधली रचना त्यातून दुसऱ्यात नेता येते. फुकट मिळणारं ‘म्यूझस्कोर’ही ते वाचतं. आमच्या सारेगमच्या तक्त्याला तसा सोपा रस्ता मला सापडला नाही.

आमच्या येवल्यात पैठणीची नक्षी एका मागावरून दुसऱ्यावर घेताना विणकर आधी धागे मोजतो. मी मोजले नव्हते.

मग महिनाभर बसलो. ११ बंदिशींचे छापील कागद शिकवणीच्या मुलांकडे निघाले. उरलेल्यांपैकी बहुतेकींना राग ठाऊक होता, म्हणून रेघा परत देता आल्या. मंद्र आणि तारेची टिंबं कानावर भरवसा ठेवून दिली. प्रत्येक ओळ आधी पेटीवर, मग पडद्यावर. आता फॉन्टची फाइल, पीडीएफ आणि कागद असं तिन्ही ठेवलंय. एक प्रत आपाकडे आहे.

अडलंय ते पिलूतल्या एका चालीवर. पिलूत दोन्ही गंधार चालतात. अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीतला ‘ग’ मी कोमल गातो. आपा शुद्ध म्हणते, आणि अब्बांच्या मांडीवर बसून ती चाल माझ्याआधी तीच शिकली आहे. ईदला दोघांनी चारदा गाऊन पाहिलं. तिथे अजून रेघ दिलेली नाही.