तिथी बघून निघा

मित्रमंडळींबरोबर अलिबागकडचे जलदुर्ग बघायचेत? मग सुट्टीआधी तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट, तेव्हा भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. त्या वेळी कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. चपला मात्र काढू नका, खडकांवरची कालवं पाय कापतात. तटाचे अजस्र दगड चुन्याशिवाय नुसते रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. हात लावून बघाच! पुढे थळहून होडीने खांदेरी, तिथे १८६७चं दीपगृह. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाची होडी मिळते. पावसाळ्यात मात्र होड्या बंद. आणि पाणी चढू लागलं की, फोटो राहिले तरी चालतील, लगेच परत फिरा.