हौस आकारात, शिस्त सांध्यात



आजचा माझा विषय तळहातावर मावेल एवढ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचा आहे. पेंटबॉल खेळणारे ज्या साधनातून रंगाच्या गोळ्या मारतात, त्याला ते मार्कर म्हणतात. मार्करच्या मुठीखाली ही पट्टी, म्हणजे रेल, बसवतात. तिच्यावर डव्हटेलच्या, म्हणजे तिरक्या बाजूंच्या, सांध्यानं हवेच्या बाटलीचा अडॅप्टर सरकवतात आणि स्क्रूनं आवळतात. या पट्टीच्या निमित्तानं मला एक गोष्ट आग्रहानं मांडायची आहे. आपल्या वस्तूला हौसेनं हवा तो आकार द्यावा, पण जिथं ती दुसऱ्यानं केलेल्या वस्तूला जोडायची आहे, तिथं मापाला सूट नाही.

आधी थोडा इतिहास सांगतो. पेंटबॉलचा पहिला खेळ २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरच्या रानात झाला. १२ जण उतरले होते. हातात नेल्स्पॉट ००७ जातीची पिस्तुलं होती. झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायला ती वापरत. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा जंगलातल्या कामाचा जाणकार, आणि तोही एकही गोळी न झाडता! त्या पिस्तुलाला १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची कुपी पुरत असे. पुढे खेळ वेगवान झाला, गोळ्या भराभर सुटू लागल्या आणि कुपीच्या जागी मोठी बाटली आली. ती मुठीच्या खाली, मागच्या अंगाला जाऊन बसली. आज त्या बाटलीत ३,००० किंवा ४,५०० पीएसआय दाबाची हवा भरतात आणि तोंडाशी असलेला रेग्युलेटर तो दाब साधारण ८०० पीएसआयपर्यंत उतरवतो.

बाटलीचं बूड खांद्याला टेकवून खेळाडू नेम धरतो. तो पळतो, गुडघ्यावर बसतो, जमिनीवर आडवा होतो. दर वेळी खांद्याचा रेटा बाटलीतून या रेलवर येतो. मुठीला रेल धरून ठेवतात ते ‘दहा-बत्तीस’ मापाच्या आट्यांचे दोन स्क्रू, आणि रेलला अडॅप्टर धरून ठेवतात त्या डव्हटेलच्या दोन तिरक्या बाजू. या बाजू अडॅप्टरला खाली निसटू देत नाहीत, आडवा हलू देत नाहीत, पिळवटू देत नाहीत. पुढंमागं सरकण्याची एक वाट तेवढी मोकळी राहते, आणि तीच उपयोगाची. ज्याचा हात लांब, त्यानं अडॅप्टर मागं घ्यावा. ज्याचा आखूड, त्यानं पुढं. मग स्क्रू आवळला की काम झालं.

१९९०च्या दशकात अमेरिकेत ऑटोकॉकर आणि ऑटोमॅग या मार्करांवर कारागिरी करणारी छोटी वर्कशॉपं नावारूपाला आली. बॉडीवर खाचा काढायच्या, वजन उतरवायचं, रंगीत ॲनोडायझिंग करायचं. दोन मार्कर एकसारखे दिसू नयेत ही त्यांची ईर्षा. पण त्या मार्करला लागणारा अडॅप्टर बहुधा दुसऱ्याच कुणीतरी केलेला असायचा. म्हणून कारागिराची खरी कसोटी रेलवर लागते.

आता प्रत्यक्ष काम पाहू. माल घ्यायचा ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचा. आधी एक बाजू सपाट करून घ्यायची आणि पुढची सगळी मापं तिच्यापासून धरायची. साध्या एंड मिलनं दोन्ही अंगांचा जास्तीचा माल काढून मध्ये सरळ उभी कड ठेवायची. त्यानंतर ६० अंशांचा डव्हटेल कटर. हा कटर खाली रुंद आणि मानेत बारीक असतो. तो वरून मालात घुसवता येत नाही. टोकाकडून आत घ्यावा लागतो. त्याचे कोपरे नाजूक असतात, म्हणून माल थोडा थोडा काढायचा. ॲल्युमिनियम धारेला चिकटतं. त्यावर रॉकेल सोडत राहायचं आणि बुरा साचू द्यायचा नाही. खोलीत दशांश मिलिमीटरचा फरक पडला, तर दोन्ही अंगं धरून रुंदीत सुमारे ०.११५ मि.मी.चा फरक पडतो. एवढ्यानं बाटली हातात डगडगते.

मोजायचं कसं? वरच्या टोकदार कडा बोचू नयेत म्हणून मारलेल्या असतात आणि आतल्या कोपऱ्यात व्हर्नियरचं टोक पोचत नाही. म्हणजे ज्या रेषेपासून माप धरायचं, ती हाताला लागतच नाही. इथं दोन गोल पिना कामाला येतात. दोन्ही कोपऱ्यांत सारख्या व्यासाची एकेक पिन ठेवायची आणि पिनांच्या बाहेरून मायक्रोमीटर लावायचा. कोन ६० अंशांचा असेल, तर येणारं माप म्हणजे तळाची रुंदी अधिक पिनेच्या व्यासाची २.७३२ पट. समजा तळ १२ मि.मी. आणि पिन ३ मि.मी. असेल, तर मायक्रोमीटरवर २०.१९६ यायला हवं. न दिसणारी रेषा भूमितीच्या आधारानं अशी मुठीत येते. मला या कामातला हा सर्वांत देखणा भाग वाटतो.

यानंतरही एक परीक्षा उरते. हार्ड ॲनोडायझिंगचा थर ५० मायक्रॉनचा असेल, तर त्यातला जवळपास निम्मा पृष्ठभागाच्या बाहेर वाढतो. रेलची रुंदी त्यामुळं सुमारे ०.०५८ मि.मी.नं वाढते. समोरच्या खाचेलाही तोच थर दिला असेल, तर ती तेवढीच आवळते. काल बोटानं सरकणारा अडॅप्टर थर चढवून आल्यावर जागचा हलत नाही. म्हणून जाणता कारागीर कटर चालवतानाच पुढं चढणाऱ्या थराला जागा सोडतो.

श्रोतेहो, हा खेळ अमेरिकेतला, पण सांधा आपल्या ओळखीचा आहे. लेथच्या क्रॉस-स्लाइडखाली हाच डव्हटेल असतो. भोसरीच्या किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभा राहणारा कारागीर त्याच्याच भरवशावर मापं काढतो. अशा कामाकडे आपण ‘सुटा पार्ट’ म्हणून पाहतो आणि दाम देताना घासाघीस करतो. यापुढं दाम ठरवताना, कारागिरानं जिथं माप राखलं आहे त्या सांध्याकडं आधी पाहा. बाहेरची नक्षी त्याच्या आवडीची असते. सांध्यातलं माप त्यानं कधीही न भेटलेल्या माणसाला दिलेला शब्द असतो. तो शब्द पाळणाऱ्याला पुरतं मोल आणि पुरता मान मिळावा, एवढीच माझी विनंती आहे.