समभागांचा सट्टा आणि समाजमाध्यमांवरील आवया

(माहूर येथे पंचायत समितीचे सदस्य, शिक्षक आणि शासकीय अधिकारी यांच्यापुढे केलेले भाषण)



माहूर तालुका हा कापूस आणि सोयाबीन पिकविणारा तालुका आहे. माल घरात किती दिवस ठेवावा आणि केव्हा विकावा, हे येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. ज्याला बैल विकायचा असतो तोच त्याची अधिक वाखाणणी करतो, हेही तो जाणतो. परंतु याच घरातील शिकलेला मुलगा किंवा आपल्यापैकी एखादा नोकरदार बंधू, “अमुक कंपनीचा समभाग महिन्याभरात दुप्पट होणार” असा निरोप मोबाईलवर वाचतो, तेव्हा हे पिढीजात शहाणपण बाजूला पडते. आज मला याच विषयावर आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. समभागांत पैसा गुंतविणे हे काही पाप नव्हे. कंपनीचा कारभार, तिचा नफा, तिच्यावरील कर्ज पाहून अनेक वर्षांसाठी पैसा गुंतविणे ही गुंतवणूक होय. कंपनी काय करते हे ठाऊक नसताना, केवळ उद्या कोणीतरी अधिक भावाने घेईल या आशेवर खरेदी करणे हा सट्टा होय.

या सट्ट्याचा महाराष्ट्राने घेतलेला पहिला मोठा अनुभव कापसातूनच आला. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले. तो पैसा मुंबईत लोटला आणि नवनवीन कंपन्यांच्या समभागांत शिरला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या बड्या व्यापाऱ्याने हात घातला म्हणजे ती कंपनी तरलीच, अशी लोकांची समजूत झाली. 1865 च्या वसंतात युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि 1 जुलै 1865 रोजी वायद्याचे सौदे पुरे करण्याची वेळ येताच घेणारा उरला नाही. बँक ऑफ बॉम्बेचा जो समभाग 2,850 रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे 87 रुपयांवर आला. काही वर्षांतच ती बँकही बुडाली.

त्या काळी आवई एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जाण्यास वेळ लागे. आज ती एका क्षणात माहूरपासून मुंबईपर्यंत पोहोचते. एवढाच काय तो फरक.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. 2022 च्या जुलै महिन्यात ‘साधना ब्रॉडकास्ट’ या कंपनीविषयी यूट्यूबवर काही चित्रफिती प्रसारित झाल्या. मोठा उद्योगसमूह ही कंपनी विकत घेणार, अमेरिकेतील कंपनीकडून तिला चित्रपटनिर्मितीचे कोट्यवधींचे काम मिळणार, असे त्यांत सांगितले होते. हे दावे खोटे होते. परंतु या काळात कंपनीच्या लहान भागधारकांची संख्या 2,167 वरून 55,343 वर गेली. हे हजारो लोक खरेदी करीत असताना विकत कोण होते? काही प्रवर्तक आणि त्यांच्याशी संबंधित मंडळी चढ्या भावाने आपले समभाग विकत होती, असे भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने, म्हणजेच ‘सेबी’ने, मार्च 2023 च्या अंतरिम आदेशात नमूद केले. मे 2025 च्या अंतिम आदेशाने 58 कोटी रुपयांहून अधिक रक्कम व्याजासह परत करण्यास सांगण्यात आले.

या खेळाची रीत समजून घेणे अगत्याचे आहे. प्रथम अशी लहान कंपनी निवडली जाते की जिचे थोडेच समभाग बाजारात फिरत असतात. ते गुपचूप गोळा केले जातात. थोड्याशा खरेदीनेही भाव वर सरकतो आणि मग तोच चढता आलेख पुरावा म्हणून दाखविला जातो. निरोप गावोगाव पोहोचतात, लोक धावतात, आणि जमविणारे त्यांच्याच गळ्यात माल बांधून मोकळे होतात. त्यानंतर भाव रोजच्या खालच्या मर्यादेला थिजून बसतो. विकावे म्हटले तरी गिऱ्हाईक मिळत नाही.

आपण म्हणाल, हा तर मोठ्या शहरांतील लोकांचा प्रश्न. वस्तुस्थिती तशी नाही. समभागांच्या वायदे व्यवहारांचा अभ्यास ‘सेबी’ने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत असे व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के लोकांना तोटा झाला. त्यांचा एकत्रित तोटा 1 लाख 80 हजार कोटी रुपयांहून अधिक होता. आणि 2023-24 मध्ये हे व्यवहार करणाऱ्यांपैकी 72 टक्क्यांहून अधिक लोक देशातील पहिल्या 30 शहरांच्या बाहेरचे होते. त्यांत तुमच्या-आमच्यासारख्या गावांतलेही आले.

येथे आपली जबाबदारी सुरू होते. शासकीय कर्मचाऱ्यांना सट्टा करण्यास महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 अन्वये मनाई आहे. परंतु नियमाहून मोठी गोष्ट म्हणजे गावाचा विश्वास. गुरुजींनी, ग्रामसेवकाने किंवा सरपंचाने एखादा निरोप गावाच्या समूहावर पुढे पाठविला की तो अनोळखी माणसाचा राहत नाही. “गुरुजींनी सांगितले” म्हणून पीककर्जाचे पैसे, मुलीच्या लग्नाची शिल्लक, निवृत्तीची पुंजी त्यात जाते. ज्यांना आपला माल खपवावयाचा असतो त्यांना आपला हाच शब्द हवा असतो, आणि आपण तो त्यांना फुकट देतो.

म्हणून काही पथ्ये पाळू या. सल्ला देणारा ‘सेबी’कडे नोंदलेला आहे काय, हे तिच्या संकेतस्थळावर पाहावे. निश्चित नफ्याची हमी मिळाली की तेथेच थांबावे, कारण समभागांत अशी हमी देण्यास कोणालाही परवानगी नाही. कर्जाचा पैसा यात घालू नये. अनोळखी दुव्यावरून व्यवहाराचे ॲप उतरवून घेऊ नये. शंका असल्यास ‘सेबी’च्या 1800 22 7575 या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. ऑनलाइन फसवणूक झालीच तर विनाविलंब 1930 वर कळवावे. लाजेपोटी गप्प बसलेला माणूस आपला पैसा तर गमावतोच, शिवाय शेजाऱ्यालाही सावध करीत नाही.

आणि प्रत्येक वेळी एक प्रश्न स्वतःला विचारावा: मी घेत असलेला हा समभाग विकतो आहे कोण, आणि तो इतका चढणार असेल तर विकतो आहे कशासाठी? त्याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत खिशात हात घालू नये आणि तो निरोप पुढेही पाठवू नये. ग्रामसभेत, पालकसभेत, बचतगटाच्या बैठकीत आपण एवढे जरी सांगितले, तरी अनेक घरांची पुंजी घरात राहील.