बेभरवशाच्या गाड्या आणि भरवशाची माणसे

(सालवड येथे भरलेल्या ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चालकांनी ‘जुन्या आठवणी’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली. ज्याच्या पदरी सांगण्यासारखे पराक्रम नाहीत त्याने कशाच्या आठवणी सांगाव्यात? विचार करता आम्हांस आमच्या मोटारगाड्याच आठवल्या. १९७२ पासून आजवर आम्ही चार गाड्या बाळगल्या. ‘बाळगल्या’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. पहिल्या तीन गाड्या दुखणाईत गुरे सांभाळावीत तशाच आम्हांस सांभाळाव्या लागल्या. त्यांच्या कारखान्यांची नावे येथे घेत नाही. त्या आमच्या अंगणात आल्या तेव्हा त्यांचे तारुण्य तिऱ्हाइतांच्या दारी सरलेले होते. म्हातारपणीच्या व्याधींसाठी माहेराला बोल लावणे न्यायाचे नव्हे.

आजच्या तरुणांस प्रश्न पडेल की, इतक्या जुन्या गाड्या घ्यावयाच्याच कशाला? त्याचे उत्तर त्या काळाच्या परिस्थितीत आहे. मुंबईत शिवडी येथे १९२८ मध्ये परदेशी गाड्यांची जुळणी सुरू झाली होती. पुढे १९४४ मध्ये शेठ वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली व कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला. १९५३ मध्ये सरकारने असे धोरण ठरविले की, जे कारखाने देशातच भाग घडवतील त्यांनीच येथे राहावे; केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी थोड्याच काळात आपला गाशा गुंडाळला. मग सामान्य गिऱ्हाइकापुढे मुख्यतः तीनच नावे उरली: कुर्ल्याची फियाट, उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड. किती गाड्या बनवावयाच्या हे परवान्याने ठरे, परकीय चलनाची टंचाई नित्याची, आणि नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी १९६४ च्या सुमारास फियाट घेतली, तिची किंमत सुमारे १२ हजार रुपये होती. आणि त्यांतील ५ हजारांसाठी त्यांना पंजाब नॅशनल बँकेचे कर्ज काढावे लागले. १९६६ मध्ये ते निवर्तले, तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. ते श्रीमती ललितादेवींनी फेडले. जेथे देशाच्या पंतप्रधानाची ही कथा, तेथे भाताच्या उत्पन्नावर संसार करणाऱ्या आमच्यासारख्याने तिसऱ्या हातची गाडी घेतली, यात नवल ते काय?

त्यात आपला मुलूख गाडीच्या प्रकृतीस मानवणारा नव्हता. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये चालू झाले. त्यापाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढत वाढत आपल्या सालवडच्या शिवेपर्यंत येऊन भिडली. तत्पूर्वी येथे होती ती भातखाचरे आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या. समुद्र जवळ, त्यामुळे हवेत खार. गाडीचा पत्रा वरून रंगाने झाकलेला आणि आतून गंजाने खाल्लेला असावयाचा. आमच्या पहिल्या गाडीच्या तळाला पडलेल्या भोकातून मागे बसणाऱ्यास रस्ता स्पष्ट दिसे. आमच्या एका मावशींनी ते पाहून विचारले होते, “बाबा, यातून पाय खाली सोडून चालायचे असते काय?”

उन्हाळ्यात एक व्याधी, पावसाळ्यात दुसरी. वैशाखात पंपापर्यंत आलेल्या पेट्रोलची उष्णतेने वाफ होई. पंपाला वाफ ओढता येत नाही, म्हणून कार्ब्युरेटर उपाशी राही आणि गाडी भर उन्हात उभी. अशा वेळी ओले फडके पंपावर ठेवावयाचे आणि पंधरा-वीस मिनिटे झाडाच्या सावलीत बसावयाचे, हाच उतारा. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात ओल शिरे. ठिणगी प्लगापर्यंत न पोचता वाटेतच विरे. ते झाकण काढून कोरड्या धोतराच्या सोग्याने पुसल्याविना गती नसे. डायनमो सावकाश चालणाऱ्या गाडीत पुरेशी वीज देत नसे. म्हणून रात्री दिवे लावून खाचखळग्यांतून आलेल्या गाडीची बॅटरी सकाळी गतप्राण झालेली असे. मग लोखंडी हँडल घालून फिरवावयाचे. त्याने उलटा फटका दिला तर मनगट निकामी व्हावयाचे, म्हणून अंगठा इतर बोटांच्या बाजूसच ठेवावा, ही पहिली विद्या.

पालघरहून मनोरला जाताना वाघोबाची खिंड लागते. त्या चढावर आमच्या दुसऱ्या गाडीचे पाणी हटकून उकळे. वाघोबाच्या ठाण्यापाशी थांबून नारळ वाढविण्याची आमची रीत होती. लोक ती भक्ती समजत. भक्ती तर होतीच. परंतु तेवढ्या अवकाशात रेडिएटर निवून जाई, हेही तितकेच खरे.

येथवर हसण्याजोगे झाले. परंतु या गाड्यांविषयी जे खरे सांगावयाचे ते निराळेच आहे. ती गाडी कागदोपत्री आमची असली तरी वस्तुतः ती साऱ्या आळीची होती. एकट्या माणसाच्याने ती चालतच नसे. सकाळी गाडी काढावयाची म्हणजे चार जणांनी धक्का द्यावयाचा, हा अलिखित करार. ज्यांनी धक्का दिला त्यांचे बोईसर स्टेशनपर्यंतचे ओझे आपोआप टपावर चढे. नवरी-नवरदेव तीतून जात, शाळेची परीक्षा देणारी पोरे जात, बाळंतिणी जात. रात्री-अपरात्री दारावर थाप पडली की कोण आले, का आले, असे विचारण्याचा प्रघात नव्हता. आम्ही किल्ली घेत असू आणि शेजारी न सांगता धक्का देण्यास उभे राहत. आमच्या गाडीखाली उताणे पडून पाना धरावयास शिकलेली दोन-तीन मुले पुढे औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून लागली, हा त्या गाडीने दिलेला व्याजासह परतावा होय.

मात्र गतकाळाचे गोडवे गाण्यासाठी आम्ही येथे उभे राहिलेलो नाही. एका श्रावणात आपल्याच ज्ञातीतील एका कर्त्या पुरुषास खाचरात लावणी बेणताना विषारी जनावर चावले. त्यास घेऊन पालघरकडे निघालो असता, ओहोळाचे पाणी रस्त्यावर चढलेले होते. त्यात गाडी बंद पडली. झाकण पुसले, प्लग काढले, हँडल मारले. गाडीने दाद दिली नाही. जवळच्या पाड्यावरील वारली बंधू धावत आले. त्यांनी खाट आणली, आणि पावसात खांदेपालट करीत त्यास नेले. आपुलकीत काडीइतकी उणीव नव्हती. उणीव होती ती वेळेची. तो गृहस्थ वाचला नाही. तेव्हापासून कोणी जुन्या गाड्यांच्या गमती सांगू लागला की, आम्ही हसतो, परंतु ते हसणे पूर्ण होत नाही. यंत्र बेभरवशाचे असणे ही काही मौज नव्हे. त्याची किंमत कोणीतरी मोजलेली असते.

म्हणून काळ पालटला याचे आम्हांस दुःख नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० लोकांच्या हाती आली आणि किल्ली फिरवताच गाडी सुरू होणे ही सामान्य गोष्ट झाली. पुढे धुराच्या नियमांमुळे कार्ब्युरेटर जाऊन इंधन मोजून सोडणारी विजेची यंत्रणा आली. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. फियाटची पुढे पद्मिनी झाली; मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून धावणाऱ्या त्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची नोंदणीची मुदतही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आमची चौथी गाडी नवी आहे, आणि तिने आजवर आम्हांस एकदाही वाटेत उतरविलेले नाही.

परंतु याच चौथ्या गाडीने एक गोष्ट आमच्या ध्यानी आणून दिली. तिला कोणाच्या धक्क्याची गरज नाही; म्हणून शेजाऱ्याची गाठ पडत नाही. आज सालवडात अंगणोअंगणी गाड्या उभ्या आहेत. तरीही आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारे आपले एक ज्येष्ठ बांधव रिक्षाची वाट पाहत नाक्यावर बसलेले आम्ही पाहतो. मुले नोकरीनिमित्त दूर असलेल्या कित्येक म्हाताऱ्या जोडप्यांना रात्री कोणास हाक मारावी, हे कळत नाही. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, आणि निकडीच्या प्रसंगी प्रथम तिलाच बोलवावे. परंतु दवाखान्याची नित्याची फेरी, तपासणीचे कागद, परतीचा प्रवास आणि सोबत बसणारे माणूस, हे काम रुग्णवाहिकेचे नव्हे. ते ज्ञातीचे आहे.

यास्तव मंडळापुढे आमची एक सूचना आहे. ज्यांच्यापाशी गाडी आहे अशा प्रत्येक सभासदाने महिन्यातील एक दिवस व एक रात्र लिहून द्यावी. आळीवार यादी करून ती प्रत्येक घरात भिंतीवर लावावी. ज्यांच्यापाशी गाडी नाही त्यांनी सोबतीस जाण्याकरिता आपले नाव द्यावे, कारण पूर्वीही गाडीवाला एकच असे आणि धक्का देणारे चार असत. ही गाडी ज्ञातीपुरती ठेवू नये. त्या श्रावणातील रात्री ज्यांनी खाट उचलली त्यांनी आमची जात विचारली नव्हती. यादीतील पहिला दिवस आमच्या नावे लिहावा, आणि उद्या सकाळी नाक्यावर बसणाऱ्या त्या ज्येष्ठ बांधवांस आमच्या वतीने निरोप द्यावा की, साडेआठास गाडी त्यांच्या दारी येईल.