लेस्टरचं घर, भाडेकरू आणि बॉयलर

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी आम्हाला ‘इंग्लंडमधले आमचे अनुभव’ असा विषय दिला होता. या विषयावर इथे दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी बोलतंच. त्यात टेम्स येते, रांगेची शिस्त येते, आणि तिथली म्हातारी माणसं कशी एकटी असतात तेही येतं. आम्ही म्हटलं, त्याऐवजी एका बॉयलरबद्दल बोलू. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची मुलं-सुना-नातवंडं लेस्टर, लंडन, मँचेस्टरला भाड्याच्या घरात राहतात. काहींनी तिथे घर घेऊन ते भाड्याने दिलेलंही आहे. दोघांच्याही कामाची ही गोष्ट आहे. आम्ही दोघं आलटून पालटून बोलणार आहोत. कोणाचं वाक्य कोणी पूर्ण केलं ते मनावर घेऊ नका, घरीही असंच चालतं.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही बारा वर्षं लेस्टरला होतो. वडोदऱ्याला परत येताना तिथलं घर विकलं नाही. विटांचं जुनं घर, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लागलेली, मागे हातभर अंगण. एजंटमार्फत ते भाड्याने दिलं. सध्या तिथे केरळचं एक जोडपं राहतं. ती रुग्णालयात परिचारिका, तो गोदामात रात्रपाळी करतो, आणि या प्रसंगाच्या वेळी त्यांची मुलगी सात महिन्यांची होती.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याकडे हीटर म्हटलं की लाल झालेली तार डोळ्यांपुढे येते. तिथे तसं नसतं. स्वयंपाकघरातल्या कपाटात भिंतीवर बॉयलर टांगलेला असतो. तो गॅसवर पाणी तापवतो, आणि ते पाणी नळ्यांमधून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरून परत बॉयलरकडे येतं. हे पाणी बंदिस्त असतं, तेच तेच फिरत राहतं. आमच्या घरी आहे त्याला कॉम्बी बॉयलर म्हणतात. नळाला येणारं गरम पाणीही त्यातूनच. म्हणजे तो बसला की खोल्या गार, आणि तान्ह्या मुलीची अंघोळ किटलीतल्या पाण्यावर. फिरणाऱ्या पाण्याला ठरावीक दाब लागतो. बॉयलर थंड असताना काटा साधारण एक ते दीड बारवर हवा. फार खाली उतरला तर यंत्र स्वतःहून बंद होतं.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि एका पहाटे बॉयलर गुडगुड आवाज करून बंद पडला. हा पहिला बिघाड फारच किरकोळ होता. बॉयलरमध्ये वाफेचं पाणी होतं, ते एका प्लॅस्टिकच्या बारीक नळीने घराबाहेर जातं. ही नळी बाहेर उघड्यावर असली की आतलं पाणी गोठतं, वाट अडते आणि बॉयलर थांबतो. नळीवर कोमट पाणी ओतायचं, उकळतं नाही, नाहीतर नळी तडकते. एजंटच्या माणसाने फोनवर तेवढं सांगितलं, बॉयलर सुरू झाला, आणि एजंटने कागदावर ‘तक्रार निकाली’ असं लिहून टाकलं.

दहा दिवसांनी बॉयलर पुन्हा बंद पडला. आणि हे आम्हाला कळलं कधी? चार दिवसांनी. तेही तिने आपणहून सांगितलं नाही. आम्ही सहज मुलीची चौकशी करायला व्हिडिओ कॉल केला, तर घरात बाळाला टोपी, हातमोजे आणि वर दोन स्वेटर. आम्ही विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “अंकल, आत्ताच एकदा तक्रार केली होती. लगेच दुसरी कशी करायची? तुम्ही म्हणाल, हे भाडेकरू फार कटकट करतात, घर खाली करायला सांगू.”

हे ऐकून आम्ही गप्पच झालो, कारण ही भाषा आमच्या ओळखीची होती. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या वाड्यांमध्ये ज्यांचं बालपण गेलं त्यांना आठवेल. पावसाळ्याआधी कौलं कोण चाळायचं? भाडेकरू. मोरीचा पाइप फुटला तर? भाडेकरू. मालकाकडे जायचं नाही, कारण भाडं वर्षानुवर्षं वीस-पंचवीस रुपये, आणि विषय निघाला की तो भाड्यावर जाणार. मालकाचंही खोटं नव्हतं. त्या भाड्यात एक गवंडी दोन दिवस आला नसता. दोघांनी मिळून एक मुकाट करार केलेला असायचा: तुम्ही भाडं वाढवू नका, आम्ही तक्रार करत नाही. वाडे पडले ते बरेचसे या करारामुळे, असं आमचं मत आहे. पण लेस्टरला ती पूर्ण बाजारभावाने भाडं देते. तिथे तो जुना करार लावायचं काही कारणच नाही.

एजंटला फोन केला. तो म्हणाला, काटा खाली उतरतोय एवढंच, भाडेकरूंना रोज सकाळी नळ उघडून दाब भरून घ्यायला सांगा, हिवाळा निघून जाईल. ऐकायला सोपं वाटतं. पण बंदिस्त पाणी रोज कमी होतंय याचा अर्थ ते कुठेतरी जातंय. शिवाय रोज नवं पाणी भरलं की त्याबरोबर प्राणवायू आत जातो, रेडिएटर आतून गंजतात आणि तो काळा गाळ नळ्यांत बसतो. आम्ही एजंटला लेखी कळवलं, की आम्हाला इंजिनिअरच पाहिजे.

इंजिनिअर यायला दोन दिवस होते. तेवढ्यात त्या मुलीने फार शहाणपणाचं काम केलं. रुग्णालयात तक्ते भरायची सवय. तिने काट्याचे फोटो काढायला सुरुवात केली. बॉयलर सुरू करण्याआधी, तापल्यावर, रात्री निवल्यावर, वेळेसकट. फोटोंत दिसलं की तापताना काटा तीनच्या जवळ जातो आणि सकाळी अर्ध्याच्याही खाली असतो. तिच्या नवऱ्याला मागच्या अंगणात भिंतीतून बाहेर आलेल्या तांब्याच्या नळीखाली बर्फाचा पापुद्रा दिसला होता. इंजिनिअरने फोटो पाहिले आणि झाकण उघडायच्या आधीच बिघाड सांगितला.

बॉयलरच्या आत चपट्या डब्यासारखं एक भांडं असतं. मध्ये रबराचा पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी तापलं की फुगतं, आणि ते वाढलेलं पाणी हवेला दाबून जागा करून घेतं. भांड्यातली हवा निघून गेली की पाण्याला ती जागा मिळत नाही. दाब चढत जातो आणि तीन बारला सुरक्षेची झडप उघडून पाणी बाहेर सोडते. बॉयलर निवला की आत पाणी कमी, दाब कमी, आणि यंत्र बंद. म्हणजे बिघाड दाब वाढण्याचा होता, दिसत होता मात्र दाब कमी होण्याचा. रोज पाणी भरत राहिलो असतो तर ते रोज त्या झडपेतून अंगणात गेलं असतं. भांडं बदललं, आणि एकदा उघडलेली झडप पुन्हा नीट बसत नाही म्हणून तीही बदलली. एका सकाळीत काम संपलं.

मधल्या दिवसांसाठी एजंटकडून विजेचे दोन हीटर दिले होते. आता त्या विजेच्या बिलाचं काय? तिथे विजेचं युनिट गॅसच्या जवळजवळ चौपट महाग पडतं. इथे आमच्या दोघांत मतभेद झाले. एकाचं म्हणणं, हीटर दिले, दुरुस्ती केली, झालं आपलं काम. दुसऱ्याचं म्हणणं, भाडं आपण उबदार घराचं घेतो, मग ऊब मिळाली नाही त्या दिवसांचा जादा खर्च तिने का सोसायचा? कोण कुठल्या बाजूला होतं ते सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. तीन दिवस चर्चा चालली. शेवटी पुढच्या महिन्याच्या भाड्यातून ती रक्कम वजा केली. एजंट म्हणाला, अशी पद्धत नाही. आम्ही म्हटलं, असू दे.

पैशाचं आम्ही आपखुशीने केलं, पण दुरुस्ती हा आमचा मोठेपणा नव्हे. इंग्लंडमध्ये १९८५ चा घरमालक-भाडेकरू कायदा आहे. त्याच्या ११ व्या कलमानुसार नेहमीच्या अल्पमुदतीच्या भाडेकरारात घर तापवण्याची आणि गरम पाण्याची यंत्रणा चालू ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि भाडेकरारात काहीही लिहून ती भाडेकरूवर ढकलता येत नाही. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांप्रमाणे मालकाने दरवर्षी गॅसच्या उपकरणांची तपासणी करून घ्यायची आणि दाखल्याची प्रत भाडेकरूला २८ दिवसांच्या आत द्यायची. तपासणारा ‘गॅस सेफ’ या नोंदवहीत नाव असलेलाच पाहिजे. त्याच्याकडे फोटोचं ओळखपत्र असतं, ते बघायला मागायचं. आपला भाचा हुशार आहे, तो करेल, हे तिथे चालत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून बॉयलर असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची घंटाही मालकाने लावायची आहे. या वायूला वास नसतो, म्हणून ती घंटा.

गार घरात दुसराही एक धोका असतो. गार भिंतींवर घरातली वाफ पाणी होऊन बसते आणि तिथे काळी बुरशी धरते. रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे झालेला श्वसनाचा विकार हे कारण २०२२ मधल्या चौकशीत नोंदलं गेलं. त्याच्या वडिलांनी २०१७ पासून तक्रार केली होती. घर सामाजिक गृहनिर्माण संस्थेचं होतं. त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून अशा संस्थांना दुरुस्तीसाठी मुदती लागू झाल्या. आमच्या घरातली सात महिन्यांची मुलगी टोपी घालून झोपत होती, तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे हे होतं.

आता ज्यांची मुलं तिथे भाड्याने राहतात त्यांनी रात्री फोनवर हे जरूर सांगा. बिघाड झाला की त्याच दिवशी लेखी कळवायचं, मेसेज चालेल, पण तारीख दिसली पाहिजे. कारण घराच्या आतल्या बिघाडाबाबत मालकाला कळवल्यापासूनच त्याची दुरुस्तीची जबाबदारी सुरू होते. मनात कुढत काढलेले चार दिवस कुठेच धरले जात नाहीत. काट्याचे फोटो काढायचे. बॉयलरचं झाकण स्वतः उघडायचं नाही. मालक दाद देत नसेल तर नगरपालिकेच्या गृहनिर्माण किंवा पर्यावरण-आरोग्य विभागाकडे जायचं. अतिथंडी हा तिथे घराचा धोका म्हणूनच मोजला जातो. रागाने परस्पर भाडं मात्र थांबवायचं नाही, थकबाकीदार म्हणून आपलीच बाजू लंगडी होते.

आणि ज्यांची घरं तिथे आहेत त्यांनी? आम्ही आता ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी स्वतःच फोन करतो. आपण साडेपाच-साडेचार तास पुढे, त्यामुळे आपल्या संध्याकाळच्या चहाला त्यांची दुपार असते. बॉयलर एकदा चालू करा, सगळे रेडिएटर वरपासून खालपर्यंत तापतात का हात लावून बघा, काटा सांगा. गेल्या खेपेला तिने न विचारता सांगितलं की वरच्या खोलीचा रेडिएटर वरच्या बाजूला गार आहे. आत हवा अडकली होती. किल्लीने सोडायला तिला दोन मिनिटं लागली.

आरतीनंतर आम्ही प्रसादाच्या टेबलाजवळ थांबणार आहोत. कोणाकडे मुलांच्या भाडेकराराची प्रत फोनमध्ये असेल तर घेऊन या, बसून वाचू.